साडेसात किलोमीटर, माताजींच्या मागून

"पण माताजी, मी परत गाडी चालवू का नको, एवढंच सांगा की!"

हिंदुराव हे तिसऱ्यांदा विचारत होता.

बस्तीच्या ओसरीवर, साध्या लाकडी पाटावर जैन साध्वी आर्यिका धृतिमती माताजी बसल्या होत्या. वारणाकाठी जैनांच्या देवळाला बस्ती म्हणतात. माताजींचं वय सत्तरीला टेकलेलं. अंगावर एकच पांढरी साडी, शेजारी कमंडलू, मांडीवर मोरपिसांची पिंछी.

माताजींनी पिंछीतलं एक वाकडं झालेलं पीस सरळ केलं.

"ते मला सांगता येत नाही, बाबा."

"का म्हणून?"

"दीक्षा घेतली त्या दिवशी वाहन सुटलं. आपण बसायचं नाही आणि दुसऱ्याला चालव म्हणायचं नाही. आमच्या तोंडी तो शब्दच उरलेला नाही."

"मग चालवू नको म्हणा."

"तेही नाही."

...

साधूंना पत्ता नसतो. आज या गावात, तर उद्या पुढच्या. एस्टीनं हिंडत, बस्तीमागून बस्ती विचारत, दुसऱ्या दिवशी त्याला माताजी सापडल्या होत्या. आणि सापडून हे उत्तर.

त्याचा आवाज चढला.

"माताजी, नऊ वर्षं झाली. नऊ वर्षांत स्टिअरिंगला बोट लावलेलं न्हाई मी. मोटरसायकलसुद्धा न्हाई. गावात कुणालाबी इचारा!"

हे सांगताना त्याची मान ताठ झाली होती. त्याला ते कळलं नाही. माताजींच्या नजरेतून मात्र सुटलं नाही.

*

हिंदुराव मगदूम कुरणवाडीचा. दूधसंघाच्या टेम्पोवर ड्रायव्हर. बावीस वर्षं गाडी चालवली आणि गाडीच्या अंगावर ओरखडा उमटू दिला नाही. त्याचा टेम्पो चौकात आला की लोक म्हणायचे, सात वीस झाले. "आपल्या पायात देवानंच ब्रेक बसवून धाडलाय," असं तो चारचौघांत सांगायचा, आणि लोकही माना डोलवायचे. खोटं काय होतं त्यात?

मार्गशीर्षातली सकाळ होती. सूर्य वर आलेला, पण ओढ्याच्या बाजूनं धुकं रेंगाळत होतं. उसाच्या ट्रॉल्यांची रांग लागलेली. हिंदुरावला त्या दिवशी चार मिनिटं उशीर झाला होता.

त्यानं एका ट्रॉलीला ओव्हरटेक केलं. उजव्या कडेनं दोन पांढऱ्या साड्या चाललेल्या. दोन्ही पाठमोऱ्या.

ब्रेक लागला. पण वेळेवर लागला नाही.

असल्या वेळी माणसं पळून जातात. हिंदुराव पळाला नाही. ऊसतोडणीची माणसं धावत आली. सगळ्यांनी मिळून दुधाचे कॅन खाली ढकलले. रस्ताभर दूध झालं. मोकळ्या झालेल्या टेम्पोत कुणीतरी आपली वाकळ अंथरली, तिच्यावर बेशुद्ध माताजींना निजवलं, आणि हिंदुरावनं गाडी दवाखान्याकडं वळवली. चौदा किलोमीटर. डॉक्टर म्हणाले, अर्धा तास उशीर झाला असता तर आमच्या हातात काही राहिलं नसतं.

बरोबरच्या धाकट्या माताजी गाडीत बसल्या नाहीत. त्यांना बसता येत नव्हतं. त्या मागून पायी आल्या.

दुपारी दवाखान्याच्या पायरीवर बसलेल्या हिंदुरावला त्या फाटकातून आत येताना दिसल्या. अनवाणी, पोटरीपर्यंत धुळीनं माखलेल्या. तेव्हा कुठं त्याच्या ध्यानात आलं, आपण काय करून बसलो ते. ज्या बाईनं एकतीस वर्षं चाकाचा आधार घेतला नाही, तिला आपण आधी पाडलं, आणि मग गाडीत घालून तिचं व्रतही मोडलं.

माताजी वाचल्या. खुब्याचं हाड जुळलं, पण वाकडं जुळलं. त्यांनी तक्रार दिली नाही. केस व्हायची ती झाली आणि मिटली.

हिंदुरावच्या आतलं काही मिटलं नाही. त्यानं टेम्पोची चावी संघात नेऊन दिली आणि दूध मोजायच्या काट्यावर उभा राहिला. लायसनची मुदत संपली की तेवढं नवं करून आणायचा. कशासाठी, ते त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं.

*

"घरी कोण असतं?" माताजींनी विचारलं.

"मी आणि मंडळी. शालन."

"बरी असते?"

हिंदुराव खाली बघायला लागला.

"तिच्या किडन्या गेल्यात, माताजी. आठवड्यातनं दोनदा मिरजेला डायलिसिस. दीड वर्ष झालं."

"जाते कशी?"

"एस्टीनं. एक बदलून दुसरी. येताना लई थकती. स्टँडवरच्या बाकड्यावर जरा आडवी हुती, मग निघतोय आमी... मी असतोय की संगं."

"घरी गाडी नाही?"

"भावाची हाय दारात. त्यो पुण्याला असतोय. चावी आमच्याकडंच, सोप्यातल्या खिळ्याला."

"शालन काय म्हणते?"

"काय न्हाई म्हणत. दीड वर्षात एकदाबी न्हाई."

त्यानं तळहातानं तोंड पुसलं.

"गेल्या शुक्रवारी एस्टीतनं उतरताना तिचा तोल गेला. कंडक्टरनं धरली म्हणून बरं. घरी आलो, चहा केला, दिला. चहा पिता पिता म्हणाली, 'तेवढी ती चावी दुसरीकडं कुठंतरी ठेवा. माझी नजर जाती.'"

...

आत मंडपात कुणीतरी तांदूळ निवडत होतं, त्याचा तेवढा आवाज.

"नऊ वर्षांचं व्रत," माताजी म्हणाल्या. "मोठं आहे. पण त्याचे उपास ती करते आहे."

हिंदुरावच्या मानेतला ताठा गेला. एखादी दोरी कापावी तशी ती खाली आली.

"माताजी... तुमच्यासाठी केलं मी हे. तुमचं येवढं मोडलं माझ्यामुळं, मग मी कसा बसू पुन्हा त्या सीटवर?"

"माझ्यासाठी?" माताजी किंचित हसल्या. "मी कधी मागितलं होतं रे?"

मग त्यांनी पिंछी बाजूला ठेवली.

"ऐक. शुद्धीवर आले तेव्हा मी तीन दिवस रडले. हाडासाठी नाही. एकतीस वर्षं अखंड चाललेलं, त्यात खंड पडला म्हणून. पुढं चार महिन्यांनी काठी धरून चालता यायला लागलं, तशी आचार्य महाराजांकडं गेले. म्हटलं, माझं व्रत मोडलं, प्रायश्चित्त द्या."

"दिलं?"

"म्हणाले, बेशुद्धीत व्रत मोडत नसतं. शुद्धीवर आल्यावर तीन दिवस हळहळलीस, त्याचं प्रायश्चित्त घे."

"काय घेतलं मग?"

"सामायिकाला, म्हणजे ध्यानाला बसायच्या आधी, रोज एका माणसाचं भलं चिंतायचं. ज्यानं उचललं त्याचं. मला नाव ठाऊक नव्हतं. दवाखान्यात विचारायला माणूस पाठवला, तेव्हा कळलं." माताजींनी त्याच्याकडं पाहिलं. "हिंदुराव."

हिंदुरावला क्षणभर वाटलं, त्या हाक मारताहेत. मग उमगलं. नऊ वर्षं, रोज सकाळी, कुठल्या कुठल्या गावांत, त्याचं नाव घेतलं जात होतं. आणि तो तिकडं दूधकाट्यावर मान खाली घालून उभा होता.

"पण... पाडलंबी मीच की, माताजी!"

"ते तू धरून बसलास. उचललेलं माझ्या वाट्याला आलं."

हिंदुराव रडला. पन्नाशीच्या पुढचा माणूस, लहान पोरागत हुंदके देत रडला. माताजींनी त्याला रडू दिलं.

जरा वेळानं त्या एवढंच म्हणाल्या, "उद्या सकाळी आमचा विहार आहे. सूर्य उगवला की निघू."

*

विहार म्हणजे पायी पुढच्या गावाला जाणं. दोन्ही माताजी, बरोबर गावातली चारसहा माणसं, आणि पाठीमागून समाजाची एक जीप. जीपला लाल निशाण बांधलेलं. मागून येणाऱ्या गाड्यांना दुरून दिसावं आणि चालणाऱ्यांच्या पाठीला आडोसा असावा, एवढंच तिचं काम.

जीप चालवायचे जिनपाल अण्णा चौगुले. शाळेतून निवृत्त झालेले मास्तर. सावकाश माणूस.

हिंदुराव त्यांच्यापुढं जाऊन उभा राहिला. रात्रभर त्याचा डोळ्याला डोळा लागला नव्हता.

"अण्णा, चावी द्या."

अण्णांना आदल्या दिवशीचं सगळं कळलं होतं. लहान गाव. त्यांनी माताजींकडं बघितलं, काहीतरी खूण मिळेल म्हणून.

माताजी चालायला लागल्या होत्या. त्यांनी वळून पाहिलं नाही. नको म्हणाल्या नाहीत, दे म्हणाल्या नाहीत.

अण्णांनी चावी दिली, पण हातात देताना ती क्षणभर धरून ठेवली.

"बघा हं, पाव्हणं."

हिंदुराव सीटवर बसला. आरसा नीट केला. पुन्हा नीट केला. चावी फिरवली. गाडी अंगाखाली थरथरली आणि तिच्यापेक्षा जास्त त्याचा डावा पाय क्लचवर थरथरायला लागला.

गावाची कमान ओलांडून सगळे डांबरी रस्त्याला लागले. अण्णा पुढं पळत गेले.

"माताजी, आपण जरा कडेनं, मातीतनं चालावं. मऊ आहे."

माताजींनी ऐकलं. आणि रस्ता सोडला नाही. जीपच्या बरोबर पुढून, बॉनेटपासून आठ-दहा हातांवर त्या चालत राहिल्या. लंगडत. साधूंनी चालताना पुढची चार हात जमीन बघायची असते, किडामुंगी पायाखाली येऊ नये म्हणून. मागं बघायचं काही कारण नसतं.

हिंदुरावच्या काचेत फक्त ती पाठ होती.

त्यानं क्लच सोडला. जीपनं हिसका दिला आणि बंद पडली.

माताजी थांबल्या. वळल्या नाहीत. नुसत्या उभ्या राहिल्या.

त्यानं पुन्हा चालू केली. दहा हात गेली, पुन्हा बंद पडली. धाकट्या माताजींनी चटकन मागं बघितलं. अण्णांनी जागच्या जागी हात जोडले. थोरल्या माताजी तशाच उभ्या. डांबरावरची एक गोगलगाय त्यांनी वाकून पिंछीनं हळूच गवतात सारली आणि पुन्हा ताठ उभ्या राहिल्या.

"माझ्यानं न्हाई व्हायचं..." हिंदुराव स्वतःशी पुटपुटला. शर्ट पाठीला चिकटला होता.

पण माताजी पुढं जात नव्हत्या. तो निघाल्याशिवाय त्या निघणार नव्हत्या. आणि डांबर थंडगार होतं, त्यांचे पाय अनवाणी होते.

त्यानं तिसऱ्यांदा चावी फिरवली. या वेळी त्यानं स्टिअरिंग बघितलं नाही, हात बघितले नाहीत. पुढच्या पावलांकडं बघितलं. उजवं पाऊल पडायचं, मग अर्धवट अडून डावं. उजवं, मग डावं. त्या पावलांच्या बेतानं त्यानं क्लच सोडला.

जीप चालली. माणसाच्या चालीनं चालली.

ज्यांनी कधी गाडी चालवली आहे त्यांना विचारा, वेगानं हाकणं सोपं असतं. लंगडणाऱ्या माणसाच्या मागून, पहिल्या गिअरमध्ये, अर्ध्या क्लचवर, धक्का न देता आणि न थांबता चालवणं... बावीस वर्षांत हिंदुरावनं अशी गाडी चालवली नव्हती.

मागं वाहनं साठली. भोंगे वाजायला लागले. तिसऱ्या किलोमीटरला पुलाचं तोंड आलं. समोरून उसाची ट्रॉली येत होती, आणि मागचा एक ट्रकवाला चिडून डावीकडून, मातीतून घुसायला बघत होता. तिथं कडेनं अण्णा आणि दोन बायका चालल्या होत्या.

हिंदुरावला विचार करायला वेळ मिळाला नाही. आरशात ट्रकचं नाक दिसलं आणि त्याच्या हातांनी जीप हातभर डावीकडं घेऊन वाट बंद केली. उजवा हात खिडकीबाहेर गेला, पंजा उघडा. थांब.

ट्रक कचकन थांबला. ड्रायव्हरनं शिव्या घातल्या. ट्रॉली समोरून निघून गेली, पूल संपला, मग हिंदुरावनं हात हलवून ट्रकला वाट दिली. ट्रक बाजूनं जाताना ड्रायव्हरला पुढच्या पांढऱ्या साड्या दिसल्या. त्याची शिवी तोंडातच राहिली आणि हात कपाळाला गेला.

हिंदुरावच्या लक्षात आलं, पाय थरथरायचा थांबलाय. कधी थांबला, कळलंच नव्हतं.

पुढचे साडेचार किलोमीटर तो सारखा काहीतरी पुटपुटत होता. अण्णांना वाटलं, णमोकार मंत्र म्हणतोय. जवळ जाऊन ऐकलं, तर तो आभार मानत होता. एकेकाचे. उसाच्या माणसांचे, ज्याची वाकळ होती त्याचे, डॉक्टरचे, त्या शुक्रवारच्या कंडक्टरचे. शालनचे तर पुन्हा पुन्हा. सगळ्यांची नावं त्याला ठाऊक नव्हती. तो नावाशिवायच मानत होता.

*

त्याच दिवशी दुपारच्या एस्टीनं हिंदुराव घरी गेला. शालन चुलीपुढं बसली होती. त्यानं सोप्यातल्या खिळ्यावरची चावी काढली.

"कुठं ठेवताय?" तिनं विचारलं.

"खिशात," तो म्हणाला. "मंगळवार हाय उद्या."

शालननं तव्यावरची भाकरी उलटायची म्हणून उलटली, आणि मग ती तिथंच राहिली. करपली. त्या दिवशी दोघांनी ती करपलेली भाकरी निम्मी निम्मी खाल्ली.

तेव्हापासून मंगळवार आणि शुक्रवार, गाडी मिरजेला जाते. येताना शालन मागच्या सीटवर उशी घेऊन आडवी होते. खड्डा आला की हिंदुराव असा जपून काढतो, की तिची झोप मोडत नाही. लोक मागून भोंगे वाजवतात. तो हात बाहेर काढून त्यांना वाट देतो. त्याचा टेम्पो बघून वेळ सांगणारी माणसं आता हसतात, म्हणतात हिंदुरावच्या गाडीपुढं कासव जाईल. तोही हसतो. आता तो पायातल्या ब्रेकच्या गोष्टी सांगत नाही.

गावातल्या कुणाला दवाखान्यात न्यायचं असलं, तर हाक त्यालाच येते.

*

हे सगळं पुढचं झालं. त्या सकाळचं एक सांगायचं राहिलं.

साडेसात किलोमीटर संपले आणि पुढच्या गावची बस्ती आली. गावकरी पाय धुवायला पाण्याच्या घागरी घेऊन उभे होते. हिंदुरावनं जीप झाडाखाली लावली, हँडब्रेक ओढला, आणि अण्णांच्या हातात चावी दिली. मग तो माताजींच्या समोर, चार पावलं दूर, जमिनीवर डोकं टेकून राहिला. कितीतरी वेळ.

"वंदामि, माताजी."

माताजींनी पिंछी उंचावून आशीर्वाद दिला. त्या एका खांबाला टेकून उभ्या होत्या. हात खांबावर घट्ट होता. त्यांच्या कपाळावर घामाचे थेंब होते. चालण्याचा घाम असेल असं सगळ्यांना वाटलं. डिसेंबरातली थंड सकाळ होती, तरी.

हिंदुरावनं वर बघितलं. त्याचा चेहरा धुतल्यासारखा झाला होता.

"लई उपकार झालं, माताजी. नऊ वर्षांची भीती आज गेली माझी. पार गेली!"

माताजी त्याच्याकडं बघत राहिल्या. डोळ्यांत माया होती. बोलायच्या आधी त्यांनी एक मोठा श्वास घेतला, आणि तो सावकाश सोडला.

"माझी नाही गेली, बाबा."